पोहरा घासून आड स्वच्छ होत नाही: पुण्यातल्या ट्रान्सप्लांट केंद्रांना खुलं पत्र

प्रति,
पुण्यातल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्रांचे प्रमुख, रक्तविकारतज्ज्ञ, रुग्णालयांच्या खरेदी समित्या आणि नैतिकता समित्या यांस,

स. न. वि. वि.

ऑटो ट्रान्सप्लांटच्या समुपदेशनात नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात. पेशंटच्याच रक्तातून स्टेमसेल काढणार, साठवून ठेवणार, मोठी किमो झाली की त्याच परत चढवणार. मग त्या बॅगेतून कॅन्सर पुन्हा आत जात नाही का? सोलापूरहून आलेल्या मायलोमाच्या, म्हणजे मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरच्या, पेशंटचा मुलगा हे विचारतो, तेव्हा १९९० च्या दशकात जगभरच्या प्रयोगशाळा ज्या प्रश्नामागे लागल्या होत्या, तोच तो विचारत असतो. ‘काळजी करू नका, आम्ही बॅग शुद्ध करून देतो’ हे उत्तर ऐकायला गोड आणि द्यायला सोपं आहे. तोच त्यातला धोका आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगतो. मायलोमा, लिम्फोमा (लसिकापेशींचा कॅन्सर) आणि न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांतला चेतापेशींचा कॅन्सर) यांच्या ऑटो ट्रान्सप्लांटमध्ये बॅगेतून कॅन्सरपेशी वेगळ्या काढण्याची प्रक्रिया, म्हणजे पर्जिंग, नेहमीची बाब म्हणून खर्चपत्रकात घालू नका. तेच पैसे आणि तेच हात हार्वेस्टची (स्टेमसेल गोळा करण्याची) वेळ, बॅगेची मोजणी आणि साठवण यांवर लावा. पुढचं सगळं या एका म्हणण्याचा हिशेब आहे.

बॅगेत कॅन्सर असतो का? असतो, आणि तो निरुपद्रवी असतो असंही नाही. १९९३ साली मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात माल्कम ब्रेनर यांच्या गटाने ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या साठवलेल्या मज्जेत एक खूणजनुक घातला आणि ती मज्जा परत चढवली. ज्यांना रिलॅप्स झाला, म्हणजे आजार उलटला, त्यांच्या कॅन्सरपेशींत ती खूण सापडली. म्हणजे बॅगेतून गेलेल्या पेशींनी रिलॅप्समध्ये हात घातला होता, हे सिद्ध झालं. त्याआधी १९९१ मध्ये बोस्टनच्या डाना-फार्बर संस्थेने बी-सेल लिम्फोमाच्या ११४ पेशंटांची मज्जा अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट (पेशी फोडणारी प्रथिनं) वापरून धुतली होती. त्यातल्या ५७ जणांच्या मज्जेत धुतल्यावर पीसीआरला लिम्फोमा दिसेनासा झाला आणि त्यांना रिलॅप्सही बराच कमी झाला. हे दोन निकाल हातात असताना कोणीही पर्जिंगच्या मागे लागलं असतं. लागलेही.

पण बोस्टनच्या निकालात एक मेख होती. ज्यांची मज्जा धुऊन साफ होत नव्हती, त्यांचा आजारच मुळात जड होता का? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे उलटी वाचायला हवी: पोहऱ्यात गाळ दिसतोय तो आडात आहे म्हणून. मळकी बॅग हे रिलॅप्सचं कारण आहे की शरीरात उरलेल्या आजाराचा आरसा, हे ठरवायला चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्याच लागतात.

त्या झाल्या. मायलोमात १९० पेशंटांची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. सीडी३४ निवड करून, म्हणजे स्टेमसेलवरची सीडी३४ ही खूण असलेल्या पेशीच ठेवून, बॅगेतल्या कॅन्सरपेशी हजारपटीहून जास्त कमी केल्या होत्या. तंत्र म्हणून काम चोख. तरी आजार परत येण्याचा काळ बदलला नाही, आयुष्यही वाढलं नाही. फॉलिक्युलर लिम्फोमात युरोपातल्या ‘कप’ चाचणीने (२००३) धुतलेली आणि न धुतलेली बॅग समोरासमोर ठेवली. फरक दिसला नाही. ८९ पेशंटांचे तीन गट, म्हणजे चाचणी लहानच, हे मान्य. न्यूरोब्लास्टोमातली चाचणी मात्र लहान नव्हती. अमेरिकेतल्या ‘चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुप’ने ४९५ मुलांवर ती केली आणि निकाल २०१३ मध्ये आला: पाच वर्षं आजार किंवा इतर अनर्थ न होता राहिलेली मुलं पर्जिंगच्या गटात ४० टक्के, साध्या गटात ३६ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरता येत नाही. न्यूरोब्लास्टोमा रक्तात आणि मज्जेत मनसोक्त फिरणारा आजार. तिथेच जमलं नाही, तर इतरत्र जमेल हे सांगण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते.

असं का होतं, याचं कागदावरचं गणित करून पाहू. ६० किलोचा पेशंट. बॅगेत केंद्रकयुक्त पेशी २,००० कोटी, त्यात सीडी३४ पेशी ३० कोटी, म्हणजे किलोमागे ५० लाख, हार्वेस्ट उत्तम. समजा लाखात एक पेशी कॅन्सरची आहे. बॅगेत झाल्या २ लाख. हजारपट कमी केल्या तर उरल्या २००. आता शरीराकडे बघा. मोठ्या माणसाच्या मज्जेत ढोबळमानाने लाख कोटी पेशी असतात. तिथेही लाखात एक धरली तर १ कोटी कॅन्सरपेशी होतात. मेल्फलानने, म्हणजे मोठ्या किमोच्या औषधाने, त्यातल्या ९९ टक्के मारल्या तरी १ लाख उरतात, आणि या उरलेल्या म्हणजे औषधाला पुरून उरलेल्या, आपापल्या कोपऱ्यात मुरलेल्या. बॅगेतल्या २ लाखांपैकी गोठवणं, वितळवणं आणि पुन्हा मज्जेत जागा धरणं यातून किती टिकतील हा वेगळा प्रश्न. गणित दोन्ही बाजूंनी ओढता येतं हे आम्हालाही दिसतं, आणि म्हणूनच आम्ही गणितापेक्षा चाचण्यांवर भरवसा ठेवतो.

पर्जिंगने फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय, असं विचारणारे भेटतात. तोटा आहे, आणि तो प्रयोगशाळेतल्या टेबलावरच सुरू होतो. सीडी३४ निवडीची प्रत्यक्ष कृती बघा. हार्वेस्टची बॅग रात्रभर ठेवायची तर २ ते ८ अंशांवर, आणि मिलिलिटरला २० कोटींपेक्षा दाट असेल तर पेशंटच्याच प्लाझ्माने पातळ करून. सकाळी २०० जी वेगाने १५ मिनिटं फिरवून प्लेटलेट काढायच्या, कारण त्या राहिल्या की गुठळ्या होतात. बफरमध्ये ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) आणि ०.५ टक्के अल्ब्युमिन. मग लोहकण जोडलेल्या अँटिबॉडीची ७.५ मिलिलिटरची कुपी, खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं, हलकेच डुलवत. एका कुपीची झेप ६० कोटी सीडी३४ आणि एकूण ६,००० कोटी पेशींपर्यंत. जादा अँटिबॉडी दोनदा धुऊन काढायची, मग चुंबकाच्या यंत्रावर चढवायचं: खूण लागलेल्या पेशी स्तंभात अडकतात, बाकीच्या वाहून जातात, शेवटी चुंबक हटवून अडकलेल्या सोडवून घ्यायच्या.

बिघडतं ते इथे. बॅगेत ग्रॅन्युलोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त असतील आणि उशीर झाला, तर मेलेल्या पेशींचा डीएनए बाहेर पडतो आणि द्रवाला भेंडी चिरल्यावर सुटते तशी तार सुटते. ती तार गाळणीत अडकली की स्तंभापर्यंत माल पोचतच नाही. अशा वेळी डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) घालून गुठळी सोडवतात, पण तोवर तास-दीड तास गेलेला असतो. दर वेळच्या धुण्यात थोडं-थोडं सांडतं. सगळं सुरळीत झालं तरी सीडी३४ पेशींतल्या ६० ते ८० टक्केच हाती येतात. म्हणजे वरच्या पेशंटच्या ३० कोटींतल्या १८ ते २४ कोटी उरल्या. गोठवण-वितळवणीत आणखी घट. ज्याचा हार्वेस्ट मुळातच काठावर, किलोमागे २५ लाखांचा, तो किमान २० लाखांच्या खाली घसरतो. मग प्लेटलेट वर यायला लागणारा प्रत्येक जादा दिवस, प्रत्येक पिशवी आणि आयसोलेशनच्या खोलीचं प्रत्येक दिवसाचं भाडं बिलात चढत जातं.

शिवाय ही निवड फक्त सीडी३४ ठेवते. टी-पेशी हजारो पटींनी घटतात आणि प्रतिकारशक्ती परतायला उशीर होतो. आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या अंगात सीएमव्ही आधीपासून झोपलेला असतो. साध्या ऑटोमध्ये सहसा न भेडसावणारा हा विषाणू सीडी३४ निवडीनंतर जागा होऊ शकतो, म्हणून दर आठवड्याला सीएमव्ही पीसीआर करावा लागतो. हा खर्च यंत्राच्या कोटेशनमध्ये कुठेच नसतो.

ल्युकेमियात तर ही निवड मुळातच फसते, कारण बऱ्याच ल्युकेमियांच्या ब्लास्ट (अपक्व कॅन्सर) पेशींवरही सीडी३४ असतो. चांगलं-वाईट दोन्ही एकाच टोपलीत येतं. उलट बाजूने जाऊन कॅन्सरपेशीच वेचून काढायच्या म्हटलं तर मायलोमात सीडी१३८ ही खूण पेशीवरून गळून पडते, आणि सीडी३८ वर नेम धरला तर बहुतांश सीडी३४ पेशींवरही तो असतो. लिम्फोमात रिटक्झिमॅब (सीडी२० या खुणेवर नेम धरणारं औषध) घेतलेल्या पेशंटच्या पेशींवर सीडी२० राहिलाच असेल असं नाही. औषधाने मारण्याचे प्रयत्नही झाले. सायक्लोफॉस्फमाइडचं ४-एचसी हे रूप १९८० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्समध्ये ल्युकेमियाच्या मज्जेवर वापरलं गेलं. लाल पेशींतलं एक एन्झाइम हे औषध निकामी करतं. म्हणून बॅगेत लाल पेशी जास्त राहिल्या की औषध कमी पडायचं, आणि कमी राहिल्या की तेच औषध चांगल्या पेशींनाही भोवायचं. दोन बॅगा एकसारख्या कधी नसतात, हा धडा तिथूनच घ्यायला हरकत नाही.

आता करायचं काय ते.

हार्वेस्टची तारीख खाट रिकामी झाली म्हणून ठरवू नका. आजार पुरेसा खाली गेल्यावर ठरवा. मायलोमात बोर्टेझोमिब-लेनालिडोमाइड या औषधांच्या साधारण चार सायकलनंतर प्रतिसाद बघून; लेनालिडोमाइड सहा सायकलच्या पुढे रेंगाळलं की हार्वेस्टच अडतो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही उशिरा पाठवलेले पेशंट येत राहतात. मूळ गावच्या डॉक्टरांना पहिल्या सायकललाच चिठ्ठी द्या: ‘ट्रान्सप्लांटचा विचार आहे, चौथ्यानंतर पाठवा.’ फॉलिक्युलर लिम्फोमात हार्वेस्टपूर्वी रिटक्झिमॅब दिल्याने बॅग स्वच्छ होते हे खरं, पण युरोपातल्या २८० पेशंटांच्या चाचणीत (२०१३) त्याने आजार लांबणीवर पडल्याचं ठाम दिसलं नाही. ट्रान्सप्लांटनंतर चालू ठेवलेल्या रिटक्झिमॅबने मात्र तो लांबला. औषध शरीरासाठी द्या. बॅग स्वच्छ झाली तर ती वरकड कमाई.

जी-सीएसएफ (स्टेमसेल रक्तात उतरवणारं इंजेक्शन) १० मायक्रोग्रॅम प्रति किलो, चार दिवस; पाचव्या दिवशी रक्तातला सीडी३४ मायक्रोलिटरला १० च्या आसपास घुटमळत असेल तर त्यांना मज्जेतून सोडवणारं प्लेरिक्साफोर ०.२४ मिलिग्रॅम प्रति किलो, हार्वेस्टच्या सुमारे ११ तास आधी. हे इंजेक्शन महाग म्हणून चार-चार दिवस यंत्रावर बसवणं स्वस्त पडत नाही: रोजचा किट, सायट्रेटमुळे ओठांना मुंग्या, कॅल्शियम, लागल्यास प्लेटलेटची पिशवी, आणि जितके जास्त लिटर रक्त फिरवाल तितका नको तो ऐवजही बॅगेत.

मोजणीत सर्वांत जास्त गफलत होते ती सॅम्पल घेताना. न ढवळलेल्या ताकाचा वरचा पेला नुसतं पाणी असतो. बॅग नीट हलवून, नळीतला माल आत-बाहेर करून घेतलेलं सॅम्पलच मशीनला द्या. मोजणीचे मणी वापरण्याआधी व्होर्टेक्स करा, पिपेट उलट पद्धतीने चालवा, ७-एएडी या रंगाने मेलेल्या पेशी वगळा. ३० कोटी लिहिलेल्या बॅगेत २० कोटीच आहेत हे पेशंटच्या बाराव्या दिवशी कळण्यात काही अर्थ नाही.

आणि बॅगेत कॅन्सर शोधायचाच असेल तर रिपोर्टवर नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहू नका. १० लाख पेशी मोजल्या आणि एकही सापडली नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की प्रमाण १० लाखांत ३ पेक्षा कमी आहे. २,००० कोटींच्या बॅगेत त्याचा अर्थ ६०,००० पर्यंत असू शकतात. शिवाय फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी खुणांवरून एकेक करून मोजण्याच्या तपासणीत) कॅन्सरचा पुंजका ओळखायला किमान २० पेशी एकत्र दिसाव्या लागतात, आकडा लिहायला ५०. लाखात एकचा आकडा लिहायचा तर ५० लाख पेशी मोजा. १० लाखांवर तो लिहिता येत नाही. सॅम्पल ईडीटीएमध्ये, शक्यतो २४ तासांच्या आत, कारण उशीर झाला की सीडी१३८ फिका पडतो. डाराटुमुमॅब (सीडी३८ ला चिकटणारं औषध) चालू असलेल्या पेशंटमध्ये सीडी३८ झाकला जातो, त्याच्यावरच गेट लावलं, म्हणजे त्याच्यावरूनच पेशी निवडल्या, तर मायलोमा समोर असूनही दिसत नाही. मोजलेल्या पेशींची संख्या, शोधमर्यादा आणि घेत असलेली औषधं या तीन ओळींविना बॅगेचा एमआरडी (उरलेल्या सूक्ष्म आजाराचा) रिपोर्ट सहीला पाठवू नये, अशी आमची विनंती आहे.

बॅग पॉझिटिव्ह आली तर? फेकू नका. पेशंटची मज्जा पुन्हा तपासा, आजार आणखी खाली नेता येतो का ते बघा. नेता आला तर दुसरा हार्वेस्ट करा, आणि पहिली बॅग राखीव ठेवा.

साठवणीबद्दल थोडकंच. मायलोमात एकाच दिवशी मेल्फलान २०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर देऊन, किमान २४ तासांनी, ४ अंशांवर ठेवलेली बॅग ७२ तासांच्या आत, न गोठवता चढवणं आपल्याकडे रुळलेलं आहे आणि चांगलं चालतं; चढवण्याआधी जिवंतपणा मात्र पुन्हा मोजा. गोठवलेली बॅग उणे ८० च्या फ्रीझरमध्ये असेल तर पुण्यातला गुरुवार लक्षात ठेवा. लाइट जाणार हे आदल्या दिवशी कळतं, तरी जनरेटरचा स्विच कोणी बघितलेला नसतो. अलार्म ड्यूटीवरच्या माणसाच्या फोनवर जायला हवा. कुलूपबंद खोलीत वाजणारा अलार्म फक्त फ्रीझर ऐकतो. बॅगा वितळवताना डीएमएसओची (गोठवताना पेशी वाचवणाऱ्या द्रावकाची) बेरीज करा: १० टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बॅगेत सुमारे ११ ग्रॅम असतं, आणि दिवसाची मर्यादा किलोमागे १ ग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला अशा पाच बॅगा बसतात, सहावी दुसऱ्या दिवशी.

नैतिकता समित्यांसाठी. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या स्टेमसेल मार्गदर्शक तत्त्वांत बॅगेतून कॅन्सरपेशी काढून टाकणं हे किमान प्रक्रियेच्या पलीकडचं धरलेलं आहे. साधं धुणं-गोठवणं यांच्या रांगेत ते बसत नाही. तेव्हा कोणाला ते करायचंच असेल तर चाचणी म्हणून करावं: लेखी प्रोटोकॉल, आवश्यक त्या परवानग्या, पेशंटला वाचून कळेल अशा मराठीत संमतिपत्र आणि हात न लावलेली राखीव बॅग, किलोमागे किमान २० लाख सीडी३४ असलेली. आयसीएमआरच्याच २०१७ च्या नीतितत्त्वांनुसार संशोधनाचा जादा खर्च पेशंटवर टाकता येत नाही. मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्ट आणि नातेवाइकांच्या उसनवारीतून जमवलेल्या रकमेत ‘स्टेमसेल शुद्धीकरण’ अशी ओळ सापडली, तर समितीने ती कोणत्या प्रोटोकॉलखाली आहे एवढाच प्रश्न विचारावा.

खरेदी समित्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो, म्हणजे गैरसमज नको. चुंबकी निवडीचं यंत्र कुचकामी नाही. अर्ध्या जुळणीच्या दात्याकडून मुलांमध्ये ट्रान्सप्लांट करताना टी-पेशी कमी करायला, जनुकोपचारासाठी सीडी३४ वेगळे काढायला ते लागतंच. दात्याच्या पेशींतून टी-पेशी टाळून जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी पेशंटच्या शरीरावर केलेला हल्ला) रोखण्याच्या कामासाठी अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यताही मिळाली. घ्यायचं तर या कामासाठी घ्या, आणि फाइलवर तसंच लिहा. वर्षाला किती अर्ध्या जुळणीचे ट्रान्सप्लांट होतात, किती तंत्रज्ञ त्यावर प्रशिक्षित आहेत आणि एका कुपीची किंमत कोण भरणार, हे तीन आकडे त्याच फाइलवर असावेत. ऑटोचे पेशंट दाखवून यंत्राचा खप जुळवायचा आणि मग यंत्र पडून राहू नये म्हणून ऑटोच्या बॅगा त्यावर चढवायच्या, एवढं टाळा.

एमआरडी रिपोर्टचा एकपानी नमुना आणि नातेवाइकांच्या ‘बॅगेतून कॅन्सर जातो का’ या प्रश्नाचं अर्ध्या पानाचं मराठी उत्तर आम्ही तयार केलं आहे. त्या उत्तराची पहिली ओळ ‘हो, थोड्या पेशी जाऊ शकतात’ अशी आहे. ती कोणी खोडू नये; तिच्याखालचं हवं तसं बदला.

कळावे,

आपले,
पुण्यातल्या अफेरेसिस, फ्लो सायटोमेट्री आणि पेशी-प्रक्रिया विभागांत काम करणारे तंत्रज्ञ व डॉक्टर